पवना, भंडारदरा, कोलाड: कुत्र्याला घेऊन पाण्याकाठच्या तंबूत राहायचं तर

पवना धरणाच्या काठावर तंबू लावून देणारे आता भरपूर झालेत. फोन केला की बरेच जण "हो, डॉग आणा, काही प्रॉब्लेम नाही" म्हणून मोकळे होतात. पुढचं सगळं आपणच विचारून घ्यायचं असतं. कुत्रा रात्री झोपणार कुठे? तंबू पाण्यापासून किती लांब, आणि मध्ये कुंपण आहे का? गावातली कुत्री आवारात येतात का? शनिवारी स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो? जागा या चार उत्तरांवर ठरवावी. लॉन, झोपाळे आणि समोर दिसणारा तुंग किल्ला यांचा विचार नंतर केला तरी चालतो.

पवनेची मोठी सोय म्हणजे अंतर. लोणावळ्याहून किंवा कामशेतहून उतरलं की ठाकूरसई, फांगणे, आंबेगाव, ब्राह्मणोली अशी काठाकाठाने गावं लागतात आणि प्रत्येक गावात तंबूवाले आहेत. पॅकेज बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातलं असतं: दुपारी चारच्या सुमारास चेक-इन, चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे आणि अकराला तंबू रिकामा. प्रवासात फार वेळ जात नसल्यामुळे गाडीची सवय नसलेल्या कुत्र्यालाही हे झेपतं. निघण्याआधी तीन तास त्याला खायला देऊ नका, म्हणजे घाटात उलटी होत नाही.

खरा फरक काठाच्या उताराचा आहे, आणि तो फोटोत कळत नाही. धरणाखाली गेलेली जमीन ही जुनी भातखाचरं आहेत. त्यांचे दगडी बांध पाण्याखाली तसेच आहेत. कुत्रा गुडघाभर पाण्यात चालत असतो आणि एका बांधाच्या पुढे पाऊल पडलं की त्याला अचानक पोहायला लागतं. सवयीच्या लॅब्रॅडॉरला याचं काही वाटत नाही. पग, फ्रेंच बुलडॉग किंवा डॅशहुंड मात्र तिथेच गटांगळ्या खातो. या जाती लाइफ जॅकेटशिवाय पाण्याजवळ नेऊच नयेत. जॅकेट घेताना पाठीवर पकडायचं भक्कम हँडल आहे का आणि ते छातीखालच्या पट्ट्याला शिवलेलं आहे का, हे पाहा. घरीच कुत्र्याला जॅकेट घालून हँडलने थोडं उचलून पाहावं. जॅकेट खांद्यावरून पुढे सरकलं तर मोठं आहे. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, जास्त नाही.

आणि कुत्रा आत अडकला तरी त्याच्या मागे पाण्यात उतरू नका. पवनेत बुडून माणसं गेल्याच्या बातम्या जवळजवळ दर वर्षी येतात, आणि चांगले पोहणारेही त्यात असतात. दहा मीटरची तरंगणारी दोरी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरच्या पट्ट्याला, लावलेली असेल तर काठावरून ओढून घेता येतं. दोरीला गाठी नकोत, त्या खडकात अडकतात. गळपट्ट्याला तर दोरी लावूच नका, ओढताना गळा आवळला जातो.

मोसमाप्रमाणे हा काठ पार बदलतो. पावसाळा संपताना पाणी तंबूंच्या अगदी जवळ असतं. एप्रिल-मे येईपर्यंत ते कितीतरी मागे सरकतं आणि मधला तळ उघडा पडतो. वरून तडे गेलेला, वाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ खाली ओला गाळ असतो. हलकं कुत्रं पळत जातं, पस्तीस किलोचं पोटापर्यंत रुततं. त्याच पट्ट्यात मासेमारीच्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे आणि गळ पडलेले असतात. ते धागे ओल्या मातीवर दिसतच नाहीत. पंजा अडकला की कुत्रा झटके देतो आणि धागा बोटांमध्ये कापत जातो. खिशात छोटी कात्री आणि कटर असलेली पक्कड ठेवा. गळ घुसला तर मागे ओढायचा नाही, कारण त्याला उलटा काटा असतो. टोक पुढे बाहेर काढायचं, काटा पक्कडीने तोडायचा, मग उरलेला भाग आला त्या वाटेने काढायचा. ओठात किंवा घशात गेला असेल तर यातलं काहीही न करता थेट डॉक्टर. या सगळ्यामुळे पवनेला आमची पसंती नोव्हेंबर ते फेब्रुवारीला, तीही मंगळवार-बुधवारला. शनिवार रात्र टाळाच. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर स्पीकर बंद हवा, पण शेजारच्या आवारात काय चाललंय यावर आपल्या तंबूवाल्याचा ताबा नसतो. ३१ डिसेंबरला फटाकेही असतात. घाबरलेला कुत्रा तंबू फाडून पळतो, आणि अनोळखी जागेत रात्री तो सापडणं फार कठीण.

भंडारदरा पाण्याच्या आणि शांततेच्या बाबतीत पवनेच्या बराच वर आहे. प्रवरा अडवून इंग्रजांच्या काळात बांधलेल्या धरणाचा हा जलाशय, आजूबाजूला सह्याद्रीचे उंच सुळके, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत काठावर माणूस दिसत नाही. कुत्रा घेऊन जाताना इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. पहिली, जलाशयाभोवतीचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही. काजव्यांच्या मोसमात, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पावसापर्यंत, लोक तंबूवाल्याच्या भरवशावर कुत्रा घेऊन जातात आणि नाक्यावरून परत फिरतात. जागा हद्दीबाहेर आहे का, हे पैसे भरण्याआधी वनविभागाकडे विचारा.

दुसरी गोष्ट बिबट्या. भंडारदरा अकोले तालुक्यात येतं, आणि याच तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा जो अभ्यास झाला त्यात घरगुती कुत्रा हे त्यांचं सर्वांत मोठं भक्ष्य निघालं. म्हणून "रात्री झाडाला बांधा, आमचा माणूस बाहेर झोपतो" असं कोणी म्हणालं तर ती जागा सोडून द्या. हे पवनेलाही लागू आहे, मावळातही बिबटे आहेत. कुत्रा रात्रभर तंबूत, माणसाच्या शेजारी. रात्री शूला न्यायचं तर छोट्या लीशवर, हातात प्रखर टॉर्च, दोघं जण, आणि झुडपाच्या कडेला जायचं नाही.

मग तंबू त्या हिशोबाने मागावा लागतो. दोन माणसं आणि एक मध्यम कुत्रा यांना "दोन माणसांचा" तंबू पुरत नाही, चार माणसांचाच घ्या. खालच्या पातळ कापडाला नखांनी भोकं पडतात, त्यामुळे आत जाड सतरंजी किंवा जुनी गोधडी अंथरा, आणि नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या संध्याकाळी कापली तर कडा धारदार राहतात. तंबूच्या चेनचे दोन सरक एकत्र आणून त्यात छोटा कॅराबिनर (स्प्रिंगची कडी) अडकवा, नाहीतर कुत्रा नाक घालून चेन खालून उघडतो. जाळीची खिडकी त्याच्या डोक्याच्या उंचीवर येत असेल तर त्या बाजूला बॅगा लावा. दिवसा कुत्र्याला तंबूच्या दांड्याला बांधू नका, तो अख्खा तंबू ओढून नेतो. जमिनीत फिरवून बसवायचा स्क्रूसारखा खुंटा मुरमाड जमिनीत आत जात नाही आणि ओल्या मातीत टिकत नाही. झाड किंवा गाडीचा टो-हुक बरा.

कोलाडचं प्रकरण वेगळं. कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येऊन या नदीत सोडलं जातं. रोज सकाळी राफ्टिंग होतं ते याच पाण्यावर. म्हणजे पाऊस नसताना, आभाळ स्वच्छ असताना, नदी थोड्या वेळात चढते. काल संध्याकाळी कुत्रा ज्या खडकांवर पाणी प्यायला गेला, ते खडक सकाळी पाण्याखाली आणि धार जोराची. सकाळचं राफ्टिंग आटोपून पाणी उतरेपर्यंत कुत्र्याला काठापासून दूर ठेवायचं, आणि पाणी कधी सुटणार ते आदल्या रात्री कॅम्पवाल्याकडून घ्यायचं. वाहतं, गार पाणी आणि काठाची झाडं ही इथली जमेची बाजू. मार्चपासून मात्र कोकणातली दमट हवा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सोसत नाही. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक होतात, कुत्रा भेलकांडतो. लगेच सावली, अंगावर साधं पाणी, वारा, आणि त्याच वेळी दवाखान्याकडे गाडी. तिन्ही ठिकाणांत मोकळ्या कुत्र्यासाठी आम्ही कोलाडला शेवटचा नंबर देऊ.

पाण्याबद्दल आणखी. उन्हाळ्यात साचलेल्या कोपऱ्यात हिरवट, रंग ओतल्यासारखा थर दिसला तर तिथे कुत्र्याला पाऊलही टाकू देऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने कुत्रा काही तासांत दगावू शकतो, आणि अंग चाटूनही ते पोटात जातं. प्यायला घरचंच पाणी न्या. दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली हा साधा हिशोब, पळापळ असेल तर दुप्पट. २५ किलोच्या कुत्र्याला तीन लिटर धरा. पाण्यात वस्तू फेकून आणायला लावण्याचा खेळ दहा मिनिटांच्या वर एका दमात नको. चेंडू तोंडात धरून पोहताना पाणी गिळलं जातं, ते फार झालं की रक्तातलं सोडियम घसरतं, पोट फुगतं, लाळ गळते, तोल जातो. चपटी वस्तू वापरली तर तोंड कमी उघडं राहतं.

जेवणाबद्दल एवढंच की त्याचं नेहमीचं खाणं घरून न्या. काळजी करायची ती दुसऱ्यांनी टाकलेल्या खाण्याची. बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्यांना मसाल्याचा वास असतो, कुत्रा त्या सबंध गिळतो आणि टोक आतड्यात घुसतं. दाणे खाऊन टाकलेलं कणीस त्याहून फसवं. ते पचत नाही, आतड्यात अडकून बसतं, आणि एक्स-रेमध्येही सहज ओळखू येत नाही. लोणावळा-पवना पट्ट्यात मका सगळीकडे, त्यामुळे पोहोचल्यावर कुत्रा गाडीतून उतरवण्याआधी एकाने आवारात चक्कर मारून काड्या, कणसं, हाडं आणि काचा उचलाव्यात. शेकोटीची राख सकाळी गार दिसते, खाली निखारा असतो. तिच्यावर बादलीभर पाणी ओता.

गावातली कुत्री ही त्या जागेची मालक असतात. त्यांच्यासमोर आपल्या कुत्र्याचं ताट मांडू नका, आणि रेबीज व डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी पूर्ण असल्याशिवाय अशा सहलीला निघूच नका. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लसही हवी. पहिल्यांदा देताना दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने लागतात, म्हणून दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा. गोचिडीसाठी गोळी हा सर्वांत भरवशाचा उपाय: फ्लुरालानर असलेली ब्राव्हेक्टो बारा आठवडे चालते, अफोक्सोलानर असलेली नेक्सगार्ड महिनाभर. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. गोळी दिली तरी संध्याकाळी कानाची पाळी, बोटांच्या बेचक्या, काखा आणि शेपटीखाली हात फिरवून बघा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा. रॉकेल, मेणबत्ती असलं काही नको.

साप चावल्याचा संशय आला, एका बाजूने तोंड किंवा पाय सुजायला लागला, तर दोरी बांधू नका आणि कुत्र्याला चालवू नका. उचलून न्या. तंबूवाल्याला आधीच विचारून ठेवा की जवळचा पशुवैद्य कोण आणि तो रात्री फोन उचलतो का. उत्तर ठाम नसेल तर पवनेहून पिंपरी-चिंचवड किंवा पुणे आणि भंडारदऱ्याहून नाशिक गाठावं लागेल असं धरून चाला, आणि गाडीत पेट्रोल भरून ठेवा. दवाखान्यात सर्पविषाची लस आहे का, हे वाटेतूनच फोन करून विचारा.

विष्ठा उचलायच्या पिशव्या न्या आणि भरलेल्या पिशव्या परत आणा. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं.

परतल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ, कान आतून कापसाने कोरडे, आणि लांब केसांच्या कुत्र्याची कातडी मुळापर्यंत वाळवलेली. पुढचे तीन आठवडे लक्ष असू द्या. खाणं सुटलं, ताप आला, हिरड्या पांढरट पडल्या, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तळ्याकाठी राहून आलो हे सर्वांत आधी सांगा, म्हणजे रक्ताच्या तपासणीत गोचीड ताप आणि लेप्टो दोन्ही पहिल्याच दिवशी बघितले जातील.