हौद्याचे गंजलेले बोल्ट : गॅस लावावा की इम्पॅक्ट गन?

सोलापूरची हवा कोरडी, इथे बोल्ट कशाला गंजतील, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण आपल्या पिकअप वाहतात काय ते पाहा. युरियाची पोती, मार्केट यार्डातला कांदा, बेण्याचा ऊस. खताचा चुरा फळ्यांच्या फटींतून खाली उतरतो, गाडी धुतली की त्याचं खारं पाणी होतं आणि ते नेमकं चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि हौदा (मागचा माल भरायचा भाग) यांच्या सांध्यात मुरतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती आट्यांमध्ये कुठून मिळणार? मग नट असा धरतो की पान्याला पाइप लावला तर नट हलायच्या आधी बोल्टच पिळवटून तुटतो.

हौदा उतरवायचा म्हटलं की गॅरेजवाला पहिला शब्द काढतो तो गॅसचा, म्हणजे गॅसच्या ज्योतीने नट तापवण्याचा. त्याचं म्हणणं खोटं नाही. नट तापून फुगतो, गंजाचा थर तडकतो आणि पाना लावला की तो सरळ फिरतो. हात बसलेला कारागीर असेल तर काम डोळ्यांदेखत उरकतं. नटाचे कोपरे झिजून गोल झाले असतील तर तिथेही गॅसवाल्याकडे इलाज असतो : त्याच्यावर दुसरा नट वेल्ड करून तो फिरवायचा. ते इम्पॅक्ट गनला, म्हणजे ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राला, जमत नाही.

गॅसवरून माझा कौल फिरला तो पॅकिंगमुळे. हौदा आणि चेसिसमध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी असते आणि ब्रॅकेटचे काही बोल्ट तिला अगदी खेटून जातात. ज्योत नटावरच धरली तरी उष्णता बोल्टातून वर चढते. रबर लगेच वास मारतं, निदान कळतं तरी. लाकूड मात्र आतून धुमसतं. वरून काही दिसत नाही, कारागीर सामान आवरून निघून जातो आणि नंतर फटीतून धुराची बारीक रेघ येते. शेजारी डिझेलची टाकी आणि वायरिंग असताना पाण्याची बादली घेऊन गाडीपाशी बसून राहणं मला फार जड गेलं. बरं, तेवढ्यावर संपत नाही. कोळसा झालेली कड भार सोसत नाही. भरलेल्या गाडीच्या काही खेपा झाल्या की ती चुरते, हौदा चेसिसला धरणारे यू-बोल्ट सैल पडतात आणि हौदा प्रत्येक खड्ड्यावर करकरतो. मी ते आवळत राहिलो, ते पुन्हा सुटत राहिले आणि शेवटी पॅकिंगच नवं घालावं लागलं. माझा अनुभव एका गाडीचा आहे. तुमचा कारागीर ओलं गोणपाट लावून नीट सांभाळत असेलही.

आणखी एक गोष्ट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ (हा ताकदीचा दर्जा) लिहिलेलं असेल तर त्याची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. लालबुंद, म्हणजे ७०० अंशांच्या आसपास तापवला की ती उतरते. असा बोल्ट परत वापरू नये. झिंकचा मुलामा असेल तर निघणारा पांढरा धूरही छातीत घेण्यासारखा नाही.

गन सलग पिळत नाही, फिरवण्याच्या दिशेने ठोके मारते आणि गंज फुटतो तो त्या ठोक्यांनीच. पण कोरड्या नटावर थेट गन लावणाऱ्याला ती वाईटच वाटणार. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. मे महिन्याच्या दुपारी मारलंत तर त्यातलं पातळ द्रव आत जायच्या आधीच उडून जातं. सकाळी पुन्हा एकदा तेल, मग नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवायचा आणि नंतर उलटा. गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, काळी, इम्पॅक्टची आणि सहा कोनांचीच हवी. चकचकीत क्रोमची गोटी ठोक्यांनी फुटू शकते आणि बारा कोनांची गोटी नटाचे कोपरे खाते.

गन कुठे अडते तेही सांगतो. टाकीच्या बाजूला ती शिरत नाही. फळ्यांमधल्या गोल डोक्याच्या बोल्टांचं चौकोनी मानेभोवतीचं लाकूड कुजलं असेल, तर नटाबरोबर बोल्टही गरगर फिरतो. तिथे वेळ न घालवता वरून डोकंच ग्राइंडरने उडवलेलं बरं. ठिणग्या टाकीकडे जाणार नाहीत असं उभं राहा, खाली ओलं पोतं टाका आणि नवा बोल्ट घाला.

फळ्या आणि पॅकिंग सगळंच भंगारात जाणार असेल, तर गॅस खुशाल लावा. तीच लाकडं पुन्हा बसवायची असतील, तर मी गनकडेच बोट दाखवीन. ती विकतच घ्यायला हवी असंही नाही. ओळखीच्या टायरवाल्याकडे हवेवरची गन असते. आदल्या रात्री तेल मारून गाडी त्याच्याकडे नेली तर बहुतेक नट तिथेच सुटतात. परत बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा, आवळताना हात थोडा हलका ठेवा, कारण ग्रीस लावलेला नट जास्त आवळला जातो, आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट एकदा तपासा.