केशराचं बी म्हणून करडई विकतायत, बघून घ्या

लिहू की नको असं करत महिना काढला, लाज वाटत होती खरं सांगायचं तर. पण माझ्याच सांगण्यावरून सोसायटीतल्या दोघींनी तेच किट मागवलं, म्हणून आता लिहितेच.

मला घरात झाडं लावायचा नाद आहे. किचनच्या खिडकीत पुदिना, पानओवा, गवती चहा मस्त येतात (गवती चहा अर्धा शेजारीच नेतात, असो). त्यामुळे मोबाइलवर सारख्या अशाच जाहिराती येतात. ऑगस्टमध्ये एक आली, घरातल्या घरात केशर, ट्रे, कोकोपीट, ग्रो लाइट, खताची बाटली आणि 50 बिया, सगळं मिळून 2,499. फोटोत जांभळं फूल, चिमट्याने लाल काड्या काढणारा हात आणि मागे निळा टॉवेल. खाली लिहिलेलं, 60 दिवसांत 10 ग्रॅम केशर. आता पुण्यात बंद खोलीत एसी लावून केशर काढणारी माणसं खरंच आहेत, त्यांच्या बातम्या मी वाचलेल्या, म्हणून मला यात काही खोटं असेल असं वाटलंच नाही. आधी पैसे भरले तर 200 कमी म्हणाले म्हणून यूपीआयने भरले, आणि भरताना दुकानाच्या ऐवजी कुठल्यातरी माणसाचं नाव आलं तेही मी बघितलं, बघून पुढे गेले!

किट आलं. बिया पांढऱ्या, चकचकीत, लहान सूर्यफुलाच्या बीसारख्या. पाचव्या दिवशी कोंब बघून मी एवढी खूश झाले की ग्रुपवर फोटो टाकला, सोबत माझा कोड टाकला, त्याने मागवणाऱ्याला 150 रुपये कमी होत होते.

मग बार्शीची आत्या डोळे दाखवायला पुण्यात आली. मी कौतुकाने ट्रे समोर धरला. तिने चष्मा वर केला, एक पान खुडलं, तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाली, "आगं, ही करडी हाय की. ह्याची भाजी करायची सोडून दिव्याखाली काय ठिवलीस?" मी म्हटलं आत्या, केशर आहे ते. तर म्हणते, बी दाखव. पाकिटात चार बिया उरलेल्या त्या दाखवल्या. "पोपटाला काय घालतात मग?"

त्या रात्री बसून सगळं वाचून काढलं, जे पैसे भरायच्या आधी वाचायला हवं होतं. केशराला बी धरतच नाही. ते झाड वांझ असतं, जगभर सगळीकडे कंदापासूनच लावतात, लसणीच्या गड्ड्यासारखा छोटा कंद. पानं गवतासारखी बारीक, मधे पांढरी रेघ. फूल काश्मीरमध्ये पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतं, आणि एका फुलात तीनच काड्या. किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, म्हणजे एका ग्रॅमला दीडशे. माझ्या 50 बियांना चमत्कार होऊन प्रत्येकी एक फूल आलं असतं तरी ग्रॅमच्या एक तृतीयांश! हा हिशोब चौथीतलं पोरगं करेल, मी बी.कॉम. आहे.

दिव्याचंही तेच. बॉक्सवर 45 वॅट, आणि तो चालतो कशावर तर सोबत आलेल्या मोबाइलच्या साध्या चार्जरवर, ज्यावर 5 व्होल्ट 2 अँपिअर लिहिलंय. म्हणजे दहा वॅट. रोपं बिचारी उजेडाच्या शोधात लांबुडकी होऊन आडवी पडलेली, त्यापेक्षा माझी खिडकी बरी होती.

त्यांना मेसेज केला तर आधी म्हणे, मॅडम प्लांट अजून छोटा आहे, फूल आल्यावर समजेल. यातली लबाडी नंतर लक्षात आली. करडईचं फूल पिवळं-केशरी असतं, पाकळ्या वाळवल्या की न कळणाऱ्याला केशरच वाटतं, आणि तोपर्यंत त्यांची 7 दिवसांची परतीची मुदत कधीच गेलेली असते. मी जांभळ्या फुलाचा त्यांचाच फोटो परत पाठवला तेव्हा म्हणाले, हे अमेरिकन केशर आहे. आणि ब्लॉक. हे अमेरिकन केशर म्हणजेही करडईच बरं का, या नावाने शेतकऱ्यांनाही बी विकलेलं आहे.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट दिले. पैसे अजून आलेले नाहीत. तुमचं असं झालं तर माझ्यासारखे तीन आठवडे फूल येण्याची वाट बघू नका, लगेच फोन करा. कंद विकणाऱ्यांकडूनही घेताना एकेकाचं वजन विचारा, 8-10 ग्रॅमच्या खालचा कंद सहसा त्या वर्षी फुलत नाही.

दोघींपैकी एकीने हसून सोडून दिलं. दुसरी लिफ्टमध्ये भेटली की मोबाइल काढून बघत बसते. मी तिला पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत, घेतले असते तर मला बरं वाटलं असतं. ट्रेमधली रोपं आत्याने जाताना मुगाची डाळ आणि लसूण घालून परतली, मूठभर झाली.

काल परत तीच जाहिरात दिसली. दुकानाचं नाव वेगळं, किंमत 1,999, फोटो तोच. निळा टॉवेलसुद्धा तोच.