चीनमध्ये ट्रेकला जायचं तर हुआशान पर्वत की टायगर लीपिंग गॉर्ज ही दरी?
हाताशी चारच दिवस असतील तर मी डोळे झाकून हुआशान म्हणेन. शिआन शहराहून वेगवान रेल्वेने जेमतेम अर्धा-पाऊण तास. प्रसिद्ध मातीचे सैनिकही (टेराकोटा आर्मी) शिआनजवळच. रात्री टॉर्च घेऊन चढायला लागा, हॉटेलचं भाडं वाचतं आणि पहाटे पूर्व शिखरावर सूर्योदय. काही पायऱ्या इतक्या उभ्या की साखळी धरूनच चढायचं. साखळ्यांना लाल फिती नि कुलपं लटकलेली. पाणी खालूनच न्या, वर महाग पडतं. सुट्टीच्या दिवशी गर्दीने मात्र वैताग येतो.

टायगर लीपिंग गॉर्ज युन्नान प्रांतात, लिजियांग शहराजवळ. दोन दिवसांची पायवाट, २८ वळणांची दमछाक, खाली जिन्शा नदी, समोर ५,५९६ मीटरचा जेड ड्रॅगन हा हिमपर्वत. मुक्काम साध्या गेस्टहाउसात. चालायला हीच सरस, पण तिथवर पोचण्यातच वेळ जातो. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा नकोच.