मांडीपर्यंतचा कॉम्प्रेशन मोजा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मोज्याच्या वरच्या टोकाला असलेली सिलिकॉनची पट्टी अखेर उसवली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. गर्भाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ओटीपोटातील लसीका ग्रंथी काढाव्या लागल्या आणि त्यानंतर माझा डावा पाय सुजू लागला. डॉप्लर तपासणीत शिरेत गुठळी नसल्याची खात्री झाली, लिम्फेडीमाचे, म्हणजे लसीका द्रव साचून येणाऱ्या सुजेचे निदान झाले आणि दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२ मिमी पारा इतका दाब देणारा मोजा मला सुचवण्यात आला.

दाबाबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी सूज सर्वांत कमी असताना, रबरी हातमोजे घालून तो नीट चढवला, की संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा पावलात रुतत नाही आणि जिना चढताना पाय ओढावा लागत नाही. एवढ्यासाठी रोज हाताने धुण्याचा आणि सावलीत वाळवण्याचा त्रास मी आनंदाने घेतला असता.

पण ती पट्टी! खुर्चीत बसले की ती दुमडते, तिची गुंडाळी होते आणि मांडीवर दोरी आवळल्यासारखा वळ उठतो. जो द्रव वर सरकावा म्हणून हा सारा खटाटोप, तोच तिथे अडतो. विक्रेत्याने मांडीचा घेर वाढल्याचे कारण पुढे केले. मी खरेदीच्या वेळची मापे दाखवली, ती जुळलीही, तरी मोजा बदलून मिळाला नाही. लवचीकता टिकत नसल्याने साधारण सहा महिन्यांनी नवा घ्यावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण पहिल्या आठवड्यापासून गुंडाळणाऱ्या पट्टीचे पैसे का मोजायचे?

सपाट विणीचा, मागे शिवण असलेला जाड मोजा मला सुरुवातीला अजिबात पसंत नव्हता. आता मत बदलले आहे. त्याचे घट्ट कापड त्वचेच्या घडीत न रुतता तिच्यावरून सरळ जाते. माझी सूज जांघेपर्यंत पोहोचू लागल्यामुळे फिजिओथेरपिस्टने मापानुसार विणलेला कमरेपर्यंतचा प्रकार दिला आणि पट्टीचा प्रश्नच संपला. प्रत्येक वेळी लघवीला जाताना तो पूर्ण खाली करून पुन्हा चढवावा लागतो, ही मात्र मोठी अडचण आहे. प्रवासात त्यामुळे पाणी कमी पिण्याचा मोह होतो.

मांडीपर्यंतचाच घ्यायचा असेल, तर तो घालून दुकानातच बराच वेळ बसून पाहावे आणि पट्टी दुमडली तर तिथेच परत करावा.