आयबीएस: लो-फॉडमॅप डाएट की हिप्नोथेरपी?

आयबीएसवाल्यांना, म्हणजे ज्यांचं पोट वारंवार दुखतं-बिघडतं अशांना, डॉक्टर बहुतेक वेळा लो-फॉडमॅप डाएटच सांगतात. यात आतड्यात नीट शोषली न जाणारी, गॅस करणारी काही कर्बोदकं (फॉडमॅप) कमी करतात. मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीचं हे डाएट चांगलंच आहे, पण आपल्या घरात कांदा, लसूण, गव्हाची पोळी, छोले, राजमा सगळं एकदम बंद म्हणजे रोजचा स्वयंपाकच बदलतो! (लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर ते तेल चालतं, त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही.) शिवाय हे कायमचं नाही, काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा असतो आणि नेमकं तेच लोक करत नाहीत.

हिप्नोथेरपीत, म्हणजे संमोहनाच्या उपचारात, खाण्याला हातच लावत नाहीत. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी 1984 मध्ये याची ट्रायल छापली. पोटावर हात ठेवून ऊब जाणवू द्यायची, आतडं संथ नदीसारखं वाहतंय असं मनात आणायचं, दर आठवड्याला एक सेशन आणि घरी रेकॉर्डिंग ऐकायचं. स्टेजवरच्या संमोहनाशी याचा काही संबंध नाही, माणूस पूर्ण शुद्धीत असतो.

मोनॅशच्याच 2016 च्या ट्रायलमध्ये पोटाला दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच, मनाच्या ताणाला हिप्नोथेरपीचा जास्त. माझं मत, टेन्शन आलं की पोट बिघडतं अशांनी आधी हिप्नोथेरपी बघावी, फक्त ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्टच शोधा. वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय तर दोन्ही बाजूला ठेवून आधी तपासण्या.