स्तनपान सल्लागाराची घरभेट: दीड हजार रुपयांत काय मिळाले?

बाळ अकरा दिवसांचे असताना मी पुण्यातील एका स्तनपान सल्लागार बाईंना घरी बोलावले. सव्वा तासाची भेट आणि पुढचे सात दिवस व्हॉट्सॲपवर शंकानिरसन, याचे दीड हजार रुपये त्यांनी घेतले. बाळ आता सात महिन्यांचे झाले आहे, म्हणजे त्या वेळच्या कृतज्ञतेचा भर ओसरल्यावर मी हा अभिप्राय लिहीत आहे.

सिझेरियननंतर मला पान्हा चौथ्या दिवशी फुटला, तोवर स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि बाळाचे वजन २.९ किलोवरून २.७ किलोवर उतरले होते. ‘दूध पुरत नाही’ हे निदान घरात एकमताने झाले. सासूबाईंनी अळिवाची खीर केली, आईने डिंकाचे लाडू पाठवले, शेजारच्या काकूंनी वरच्या दुधाचा डबा आणायला सांगितला. मात्र बाळ अंगावर पिताना यांपैकी कोणीही जवळ बसून पाहिले नव्हते.

बाईंनी आल्या आल्या विचारले ते दुधाबद्दल नव्हे, तर चोवीस तासांत किती लंगोट ओले होतात याबद्दल. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर दूध पोटात जात असल्याची ती चांगली खूण असते. आमचे सात-आठ होत होते. पहिल्या काही दिवसांत सात टक्क्यांच्या आसपास वजन उतरणे नेहमीचे असून बहुतेक बाळे ते दोन आठवड्यांत भरून काढतात, हेही त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितले, याचे मला फार बरे वाटले.

त्यानंतर जवळजवळ वीस मिनिटे त्या काही न बोलता केवळ पाहत राहिल्या, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते याच वीस मिनिटांत. मी बाळावर वाकून त्याच्या तोंडात फक्त स्तनाग्र देत होते. त्यांनी टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला माझ्या काखेखाली धरायला लावले, त्याचे नाक स्तनाग्रासमोर आणले आणि ते जांभई दिल्यासारखे तोंड उघडेपर्यंत थांबून मग त्यालाच छातीकडे ओढून घ्यायला सांगितले. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि भोवतीचा काळसर भाग खालपेक्षा वर जास्त दिसणारा, अशी पकड चौथ्या प्रयत्नात जमली. कळ कमी झाली आणि बाळाच्या गिळण्याचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. चिरा भरायला आठवडा लागला, त्यामुळे ज्यांना एका भेटीत चमत्कार हवा आहे त्यांनी तशी अपेक्षा ठेवू नये.

लाडवांविषयी त्यांचे म्हणणे असे होते की आवडत असतील तर जरूर खावेत, परंतु दूध वाढते ते बाळाने वरचेवर ओढून घेतल्याने, आणि रात्रीचे पाजणे तर मुळीच चुकवू नये, कारण दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते. (लाडू मी सगळे संपवले.)

उणिवाही आहेत. बाई चाळीस मिनिटे उशिरा आल्या आणि निघताना चार भेटींचे पॅकेज घेण्याचा आग्रह जरा जास्तच झाला. मला दुसऱ्या भेटीची गरज पडली नाही. सव्वीस आठवड्यांच्या रजेनंतर कामावर जाताना दूध काढून कसे ठेवावे, हा विषय पाच मिनिटांत उरकला गेला. काढलेले दूध बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते एवढेच त्यांनी सांगितले. ते चार तास पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतात, पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी तो हिशेब चालत नाही, हे मला नंतर कळले.

एक गोष्ट त्यांनी भेट ठरवतानाच फोनवर स्पष्ट केली होती: आईला ताप असेल, स्तन लाल होऊन ठणकत असेल, किंवा बाळ सुस्त असून लंगोट कोरडे राहत असतील, तर सल्लागाराची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जावे.

सूचनांचा कागद मात्र केवळ इंग्रजीत होता. रात्री दोन वाजता माझ्या शेजारी बसून बाळाला धरायला मदत करणाऱ्या सासूबाईंना तो वाचता येत नव्हता, म्हणून मी तो वहीच्या पानावर मराठीत उतरवून पलंगाशेजारी चिकटवला.