कार्ड वाढवा म्हणायचं की तालुक्यात ऑपरेशन?

गावाहून मावसभाऊ कोथरूडला आला तो आमदारांना द्यायच्या निवेदनाचा कच्चा कागद घेऊनच. सरकारकडे पैसा मागायचा कशासाठी: विमा योजनेसाठी, की ग्रामीण रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांसाठी?

खर्चात योजना वरचढ. आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पण बुडालेली रोजंदारी कार्डावर भरून निघत नाही.

खरी गोम वेळेची. सिझेरियन, पोटाची शस्त्रक्रिया आणि उघडं फ्रॅक्चर (जखमेतून हाड उघडं पडलेलं), या तिन्हींची सोय २ तासांच्या आत हवी, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये मांडलं. जगात ५ अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, हेही त्यातच. कार्डाने गावातून मोठ्या रुग्णालयाकडे जाणारा घाट काही लहान होत नाही!

टिकण्याचं म्हणाल, तर इमारत उभी राहते, भूलतज्ज्ञ टिकत नाही. एका ठिकाणी ऑपरेशन टेबलावरचं प्लास्टिकही न काढलेलं मी पाहिलंय. म्हणून ‘नवे थिएटर’ खोडून ‘भूलतज्ज्ञ, रक्तसाठा, चोवीस तास वीज’ लिहायला लावलं.

बायपास, गुडघा अशा ठरवून करायच्या ऑपरेशनला योजना पुरते. अडलेलं बाळंतपण, अपघात, फुटलेलं अपेंडिक्स यांना तालुक्यातलीच सोय हवी. मावसभावाच्या गावाला ही दुसरी सोयच आधी लागते. निवेदनात ती पहिली घेतली.